अण्णांच्या बंदुकीचं लायसन

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "बरं" म्हणाले, शिट्ट्या होऊ दिल्या, गॅस बंद केला आणि मग ह्यांना सांगितलं. माझे वडील गेले होते आणि मी शिट्ट्या मोजत होते... त्याला आता दीड महिना झाला. माणसं विचारतात, रडलीस का? नाही रडले. आत काही हलतच नाही.

चांदवडजवळ आमचा कांदा आणि मका. मक्यात रानडुकरं घुसत, म्हणून अण्णांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. हवेत बार काढण्यापलीकडे त्यांनी ती वापरली नाही. काडतुसं किती बाळगायची, बंदूक कुठे न्यायची, सगळं तोंडपाठ. निवडणूक लागली की ठाण्याचा निरोप यायच्या आधीच ती जमा करून येत. लहानपणी मला ह्याचं कौतुक होतं, लग्नानंतर ह्याचाच राग आला.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट, लग्नानंतरचा आमचा पहिला आखाड. हे चार मित्रांना घेऊन सासुरवाडीला जेवायला आले आणि म्हणाले, कोंबडी नको, डोंगराकडे तित्तर असतात, दोन पाडू. नाशकात वाढलेला माणूस, बंदूक म्हणजे गंमत वाटली. अण्णांनी हसून टाळायचं की नाही? त्यांनी आतून लायसनचं पुस्तक आणलं आणि चष्मा लावून, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचून दाखवलं. "पाव्हणं, हे पिकापुरतं हाय. शिकारीला बंदी हाय. दुसरं कायबी मागा." मित्र फिदीफिदी हसले. हे ताटावर न बसताच निघाले, ते पुन्हा माझ्या माहेरची पायरी चढले नाहीत. मला राग दोघांचाही आला, पण अण्णांचा जास्त.

पुढे लायसनच्या कामाला अण्णा नाशिकला आले की द्वारका चौकात थांबत, मी तिथं जाऊन भेटे. शेंगांची पिशवी हातात देऊन विचारत, "जावईबापू बरे हायेत ना?" घरी चला म्हटलं की म्हणत, "त्यांनी बोलवल्याबिगर कसं यायचं, बाई?" हे मी घरी कधीच सांगितलं नाही. रुसलेल्या माणसाला मी कशाला विनवू, असा माझाही ताठा... नऊ वर्षं तशीच गेली.

परवानाधारक गेला की बंदूक जमा करावी लागते. तेराव्यानंतर आम्ही दोघं ठाण्यात गेलो. हवालदारांनी काडतुसं मोजली, पुस्तक उघडलं, तर आतून घडी घातलेला एक अर्ज निघाला. "हा द्यायचा राहिलाच का? परवाना वारसाच्या नावावर कसा करायचा, कितीदा विचारून गेले बाबा," ते म्हणाले. अक्षर अण्णांचं. वारस म्हणून ह्यांचं नाव. नात्यापुढे आधी 'मुलगा' लिहिलं होतं, मग त्यावर रेघ मारून 'जावई' केलं होतं. खाली वारसाच्या सहीची जागा रिकामी.

ह्यांनी कागद दोनदा वाचला. "एकदा तरी विचारायचं होतं त्यांनी मला..."

"दरवेळी विचारायचे," मी म्हणाले. "तुम्ही बरे आहात ना म्हणून. मीच घरी येऊन सांगत नव्हते."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदाची घडी घातली. हवालदारांनी पावती पुढे केली आणि मी सही केली.