तिच्या सीटखालची नळी

बायकोचं वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं अन् उमरेडहून तिच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. तिचे गुडघे गेले, एसटीची पायरी चढणं होत नाही. "जवाईबापू, व्हॅन घेऊन या, नाहीतर मी येत नाही," म्हणाली. बरं म्हणून फोन ठेवला अन् मग मले एका जागी बसवेना. बायको गेली तेव्हापासून व्हॅन अंगणात उभीच होती. चाबीले मी हात लावला नव्हता.

पोरगा पुण्याहून म्हणाला, टॅक्सी करा. मी म्हटलं, तू तुझं काम कर.

सकाळी बॅटरी चार्ज करून आणली, बसवली. पण चाबी फिरवायची हिंमत होईना. या व्हॅनचं इंजिन समोरच्या सीटखाली असते, अन् पेट्रोलची रबरी नळी तिथूनच जाते. गाडी उभी राहिली की रबर सुकते, तडकते. पेट्रोल गळलं तं माणसाले वासावरून समजते. मले समजत नाही. सूत रंगवायच्या भट्टीवर जवानी गेली, तिथंच नाक मेलं. फोडणी जळली तरी मले पत्ता नसते. हे बायकोशिवाय कोणाले माहीत नव्हतं. ती बाजूले बसे, नाक तिचं चाले.

तिची सीट उचलली. नळी बोटांनी चाचपली. त्याआधी हातमागावर होतो तेव्हा तुटलेला धागा बोटाले आधी समजे, डोळ्याले मागून. आता बोटंही जाड झाली. चष्मा लावला, काढला, परत लावला. मग सैपाकखोलीतून मैद्याचा डबा आणला. कोरड्या मैद्यावर थेंब पडला तं लपत नाही. जोडांवर मैदा भुरभुरला, जीव मुठीत धरून इंजिन दोन मिनिटं चालवलं, बंद केलं अन् वाकलो. एका जोडापाशी मैदा ओला होऊन काळा पडला होता. नळी जराशी वाकवली तं बोटभर तडा उघडला.

मी तिथंच उकिडवा बसलो. लगेच उठलो. अंगणात इकडून तिकडे फिरलो.

दवाखान्यात नेलं त्या दिवशी ती रस्त्यात म्हणाली होती, "अहो, पेट्रोलचा वास येऊन राहिला जी. थांबा न जरा."

"तापात तुले काहीबी वास येते. गप बस."

ती गप बसली. दवाखाना येईस्तोवर बोलली नाही, अन् मग तिचं बोलणंच बंद झालं. मी तिले त्या पेट्रोलवर बसवून नेलं. पेटलं नाही, एवढंच.

चौकातल्या मिस्त्रीले बोलावून आणलं. तो सीटखाली पाहून हसायलेच लागला. "काकाजी, गाडीत पोळ्या लाटून राहिले का?"

"नळी फुटली गा. टाकीपासून सगळी नवीन टाक."

"एक तुकडाच गेला, तेवढाच बदलतो न."

"सगळी म्हटलं. कान गेले काय तुझे?"

त्यानं सगळी नळी बदलली, नव्या क्लिपा कसल्या, इंजिन चालू केलं. "घ्या, आता वास घेऊन पाहा."

"मले वास येत नाही."

"सर्दी झाली?"

"नाक मेलं. पंचवीस वर्षं झाली."

त्याचे हात थांबले. "मग गाडी कशी चालवत होते जी?"

"ती बसे न बाजूले."

त्यानं स्वतः वाकून जोडाजोडाले नाक लावलं, टाकीखाली आडवा झाला. "सुकं आहे काकाजी. बिनधास्त जा."

बिनधास्त कुठलं. उमरेडच्या वाटेवर दिघोरीपाशी थांबलो, सीट उचलून हात फिरवला. पाचगावपाशी परत. पेट्रोल बोटाले गार लागते, तेवढं मले समजते. हात कोरडा होता. तरी जीव लागेना. मागचा ट्रकवाला शिवी देऊन गेला.

उमरेडले बाई, म्हणजे बायकोची बहीण, थैली घेऊन ओट्यावर तयारच होती.

"थांबा बाई, आधी वास घ्या," म्हणत मी सीट उचलली.

काठी टेकून ती वाकली. "वास तुमच्या बनियनचा येऊन राहिला. कोण धुते?"

"मीच धुतो."

"दिसते."

"मस्करी नका करू. नीट घ्या."

माझं तोंड पाहून ती परत वाकली. बराच वेळ वाकून होती. "नाही येत," म्हणाली.

तेव्हा मी तिले सांगून टाकलं, की त्या दिवशी तुमच्या बहिणीले वास आला होता अन् मी तिले गप केलं. वाटलं, आता ही शिव्या घालते. तिनं सीट खाली पाडली, पदरानं मैदा झटकला अन् बसली.

"वास आला तं बोला," मी म्हटलं. "मी ओरडलो तरी बोला."

"मी काहून गप बसू? मले काय तुमचा धाक आहे?"

उमरेडच्या बाहेर निघेस्तोवर तिनं दोनदा गाडी थांबवली. एकदा शेणाचा वास होता, एकदा कोणाच्या तरी शेताच्या धुऱ्यावर कचरा जळत होता. दोन्ही वेळा मी तिले हात देऊन उतरवलं अन् सीट उचलून पाहिली.