चकाकीखाली राहिलेली ओळ

मी ज्या पत्त्यांनी हा खेळ शिकलो, त्यांतला एकही पत्ता खरा नव्हता, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. हे आधीच सांगतो, कारण पुढं मी जे लपवलं ते हे नव्हे.

खेळ असा. दोघं समोरासमोर बसतात. प्रत्येकाकडं स्वतः निवडलेल्या चाळीस पत्त्यांचा गठ्ठा. पत्त्यावर चित्र असतं आणि त्याखाली तो पत्ता काय करतो ते इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलेलं. पत्ते बंद पाकिटात मिळतात, आत काय निघेल ते नशीब. एखादा हवा तोच पत्ता सुटा घेणं माझ्यासारख्याला झेपत नाही. म्हणून घरगुती खेळात प्रॉक्सी चालतो, म्हणजे मूळ पत्त्याऐवजी त्याची झेरॉक्स किंवा नुसती चिठ्ठी. आमची अट एकच होती : बसण्याआधी सांगायचं.

तिथं मला कॉलेजात माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्रानं नेलं. रविवारी दुपारी, सिडकोत, एका इमारतीच्या पार्किंगमध्ये. वरच्या मजल्यावर राहणारा, नुकताच नोकरीला लागलेला एक जण खाली टेबल मांडायचा. त्याला सगळे दादा म्हणत. त्यानं पहिल्याच दिवशी आपल्या पत्त्यांची जाड फाईल माझ्यापुढं सरकवली.

"हवे ते निवड, फोटो काढ. पत्ते नाहीत म्हणून इथं कुणी नुसतं बघत बसत नाही."

मी फोटो काढले, त्यांची झेरॉक्स केली, आणि वाळूजला भावाच्या खोलीवर जुन्या पत्त्यांच्या कॅटवर ती चिकटवत बसलो. भाऊ कंपनीतल्या ड्युटीवरून आला होता.

"कॉलेजात पत्ते कुटायला लागला व्हय?"

"पैशाचे नाय, भाऊ. हे वेगळे हायेत."

"वेगळे म्हंजी?"

मला नीट सांगता येईना. तो एक पत्ता उचलून बघत म्हणाला, "आईला सांगू नको. तिला पत्ते म्हंजी पत्तेच."

इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो. समोरचा वाट बघत असला की आणखी लागतो. म्हणून प्रत्येक चित्राखाली मी निळ्या पेनानं मराठीत अर्थ लिहून काढला. त्यात नदीच्या पहारेकऱ्याचा एक पत्ता होता. माझा कुठलाही पत्ता बाद झाला की त्यानं मला एक नवा पत्ता उचलता यायचा. फोटोत त्याच्या शेवटच्या ओळीवर प्लॅस्टिकची चकाकी आली होती आणि झेरॉक्समध्ये तिथं नुसतं पांढरं उमटलं होतं. वाक्य अर्धवट आहे असं मला वाटलं होतं. पण इंग्रजी वाक्य अर्धवट वाटलं तर आपल्यालाच कळलं नसेल, असं मी शाळेपासून धरून चालतो. विचारलं नाही. जेवढं दिसलं तेवढं लिहिलं.

त्या पत्त्यावर मी लागोपाठ तीन रविवार जिंकलो. बहुतेक वेळा मित्रालाच हरवलं. वर्गात माझा आवाज फुटत नाही, पण त्या टेबलावर दादा म्हणायचा, "याच्यापासून सांभाळून रे." मला ते लई आवडायचं.

मग एका शुक्रवारी मित्रानं प्रॅक्टिकलच्या आधी खिशातून एक पत्ता काढला. "देख मियाँ, तेरावाला मेरेकू पाकिट में निकला. असली."

मी तो हातात घेतला. शेवटची ओळ स्वच्छ दिसत होती. हे एका पाळीत एकदाच करता येतं. मी एकेका पाळीत तीन-तीन, चार-चार पत्ते उचलले होते.

"भारी आहे," एवढंच म्हणून मी पत्ता परत दिला.

दोन दिवस मनात एकच गोष्ट. सांगितलं तर ते म्हणतील, पत्तेही खोटे आणि खेळही खोटा. मग रविवार माझा राहणार नाही. शेवटी मी गुपचूप माझ्या त्या पत्त्यावर 'एका पाळीत एकदाच' एवढं लिहिलं. आता बरोबर खेळलो तर झालं, अशी समजूत काढली.

रविवारी मित्राशीच डाव लागला. एकाच पाळीत माझे दोन पत्ते बाद झाले. मी एकच उचलला.

"दूसरा उठा ना," तो म्हणाला. "भूल गया क्या?"

मी गठ्ठा सरळ केला.

"अरे हक का है तेरा, उठा."

माझ्याच्यानं पुढं खेळवेना. हातातले पत्ते पालथे ठेवले आणि सगळं सांगितलं : चकाकी, शुक्रवार, पेनानं केलेली भर. सांगताना मराठीतही अडखळलो.

दादानं तो पत्ता उचलून बघितला. मित्र मात्र माझ्याकडंच बघत होता.

"गलती का कुछ नहीं," तो म्हणाला. "पर परसों तू देखा, और मेरेकू नहीं बोला. असली मेरे पास है, फिर भी तू लिखा वोच हम बिना देखे मान लिए ना?"

मी पत्ते गोळा करायला लागलो.

"ठेव ते," दादा म्हणाला. "सगळे मांड. एकेक वाचू."

फाईल उघडून त्यानं चाळीसच्या चाळीस पत्ते मुळाशी ताडून पाहिले. तो इंग्रजी वाचायचा, मी माझं मराठी. तासभर तरी लागला असेल. एका पत्त्यावर मी तीनऐवजी दोन लिहिलं होतं, म्हणजे इतके दिवस स्वतःचंच नुकसान करत होतो.

"ये देखो," मित्र म्हणाला, "चोर भी ढंग का नहीं." दादा हसला. मित्र हसला नाही, पण खुर्ची पुढं ओढून बसला. "तीनों इतवार का फिरसे खेलने का."

तीनपैकी दोन डाव मी हरलो.

निघताना दादानं फाईलमधले आणखी चार पत्ते मराठीत लिहायला दिले. त्यातल्या एकावरचं लांबलचक वाक्य मी दोनदा वाचलं. फोटो काढण्याआधी पत्ता मित्रापुढं धरला.

"हे मला नाय कळलं. याचा अर्थ काय?"

त्यानं पत्ता डोळ्यांजवळ नेला, ओठ हलवत वाचला, पुन्हा वाचला.

"हौ," तो म्हणाला. "मेरेकू भी नहीं समझा."