मोठ्यानं वाचणाऱ्या शालिनीताई

त्या दिवशी मी नेहमीसारखं आमच्या वाचनमंडळातल्या सगळ्या मुलांना एकेक करून फोनवर जोडून घेतलं आणि शेवटी शालिनीताईंना फोन लावला. हा आमचा रोजचा सकाळचा क्रम. सगळे जोडले गेले की ताई पुस्तक उघडायच्या आणि वाचायला लागायच्या. त्या दिवशी फोन त्यांच्या लेकीनं, रेखानं उचलला. "दिनेशदादा, आई पहाटे गेली," ती म्हणाली. कॉन्फरन्स चालूच होती, त्यामुळे इगतपुरीपासून सुरगाण्यापर्यंतच्या आमच्या सगळ्या मुलांनी ती बातमी माझ्याबरोबरच ऐकली. फोन कोणी ठेवेना. नुसते श्वास ऐकू येत होते... मग कोणाच्या तरी घरी कोंबडा आरवला आणि एक मुलगी हुंदका देऊन रडायला लागली.

आता काही आठवडे होऊन गेले आहेत. ताईंबद्दल लिही, असं बरेच जण सांगतात, आणि त्यांच्या आवाजावरून कळतं की त्यांना काहीतरी हळवं, गोड हवं आहे. ते मला जमणार नाही. मला अजून राग येतो आहे.

मी जन्मापासून दृष्टिहीन. वडील मनमाडला रेल्वेत होते, मी कॉलेजसाठी नाशिकला आलो. ऐकण्याजोगी पुस्तकं तेव्हा आमच्यासाठी जवळपास नव्हतीच, आणि वाचून दाखवणारं माणूस मिळालं नाही तर शिक्षण तिथंच थांबायचं. शालिनीताई पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांनी चार ओळखीच्या माणसांना गोळा करून आमच्यासाठी वाचनाचं मंडळ सुरू केलं होतं. एका ट्रस्टनं आपल्या इमारतीत वरच्या मजल्यावरची खोली त्यासाठी दिली होती. ताई वाचताना काहीच गाळत नसत. तळटीपा, नकाशाखालची नावं, सगळं. एकदा राज्यशास्त्राचं जुनं पुस्तक वाचता वाचता मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "इथं कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, 'हे परीक्षेला येत नाही'. माझं ऐका, येतं. मी वाचणार." त्या वर्षी ते खरंच आलं. मला बँकेत नोकरी लागली, पण मी ती खोली सोडली नाही. मंडळाचं फोनाफोनीचं काम माझ्याकडे आलं.

मग टाळेबंदी आली. खोलीला कुलूप लागलं, मुलं आपापल्या गावी गेली. डोळस माणसांना त्या काळातलं काय काय आठवतं ते मी ऐकत असतो. आम्हाला आठवतो तो लोकांचा हात. आमचं जग हातानं चालतं, आणि तो हातच सगळ्यांनी काढून घेतला. बँका चालू होत्या म्हणून मला बाहेर पडावं लागे. एकदा सीबीएस बसस्टँडजवळ रस्ता ओलांडायला मी हाका मारत उभा होतो. बऱ्याच वेळानं एक जण आला. त्यानं माझ्या हाताला स्पर्श केला नाही, माझ्या पांढऱ्या काठीचं पुढचं टोक धरलं आणि दावं धरून गुरं न्यावीत तसं मला ओढत पलीकडे नेलं. वर म्हणाला, "सॉरी हं, काळजी घ्यायला लागते." मी ते ताईंना फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी बँकेच्या दारात त्यांचा आवाज आला, मास्कमधून दबलेला. "मी शालिनी. हात धुतलेत. कोपर धर." पुढं बरेच दिवस त्या मला रस्त्यापलीकडे सोडायला येत राहिल्या. त्यांचं वय साठीच्या पुढं होतं, घरातले ओरडत होते. त्या यायच्या.

मंडळातले बाकीचे वाचक "सगळं सुरळीत झालं की बघू" म्हणून शांत झाले होते. फोनवर वाचायची कल्पना ताईंचीच. स्मार्टफोन सगळ्यांकडे नव्हते, म्हणून साधी कॉन्फरन्स. जयश्री नावाची मुलगी इगतपुरीच्या पुढच्या एका पाड्यावर राहते, भाताच्या शेतात घर. पावसाळ्यात तिच्याकडून फोनवर नुसता धबधबा ऐकू यायचा. "ताई, पत्र्यावर पाऊस लय वाजतोय, काही ऐकूच येत नाय!" ती ओरडायची. "आणि बाहेर गेले तर रेंज हाय, पण भिजते." ताई म्हणायच्या, "तू आतच बस, मी आवाज चढवते." आणि खरंच आवाज चढवून अख्खा धडा वाचायच्या. शेजारीपाजारी विचारायला येत, घरात भांडण चाललंय का म्हणून.

परीक्षा सुरू झाल्या तेव्हा जयश्रीला लेखनिक मिळेना. आम्ही तोंडी उत्तर सांगतो आणि लेखनिक ते लिहितो. त्यासाठी दोघांना शेजारी बसावं लागतं, आणि आपलं मूल तिच्या शेजारी बसवायला कोणी तयार नव्हतं. ताईंनी आपल्या कॉलनीत दारोदार फिरून एका अकरावीतल्या मुलीच्या आईला राजी केलं. केंद्रावर गेल्यावर तिथले अधिकारी म्हणाले की नियमाप्रमाणे दोघींमध्ये अंतर पाहिजे, वेगवेगळ्या बाकांवर बसवा. ताई म्हणाल्या, "चालेल. मग ही इथून ओरडून उत्तरं सांगेल आणि ती तिथं लिहून घेईल. तुमच्या वर्गातल्या सगळ्या मुलांना ऐकू जातील. ते चालतंय का तुमच्या नियमात?" दोघींना शेजारी बसवलं. जयश्री पास झाली.

दुसऱ्या लाटेत ताईंना संसर्ग झाला. ऑक्सिजनवर होत्या, वाचल्या, पण फुप्फुसं पूर्वीसारखी झालीच नाहीत. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत त्या पुन्हा फोनवर आल्या. आता वाक्य संपलं की थांबायच्या, श्वास घ्यायच्या, मग पुढचं वाक्य... मुलं वाट बघायची. मी रागावलो तर म्हणाल्या, "परीक्षा माझ्या फुप्फुसांसाठी थांबणारे का, दिनेश?"

सगळं उघडल्यावर आम्ही दोघं त्या ट्रस्टच्या कार्यालयात खोलीची किल्ली मागायला गेलो. प्रमुख विश्वस्तांनी आधी चहा दिला. मग सांगितलं की ती खोली आता एका अभ्यासिकेला दिली आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं फी भरून बसतात, चांगला प्रतिसाद आहे. "आणि ताई, आता मोबाइलच सगळं वाचून दाखवतो ना? अ‍ॅप आलेत. जग बदललं. तुम्ही कशाला एवढा त्रास घेता?"

"पुस्तकं अजून कागदावरच छापतात, साहेब," ताई म्हणाल्या. "आणि त्या अ‍ॅपला आमच्या पोरापोरींचा लेखनिक होता येत नाही."

"बघू, अर्ज देऊन ठेवा."

जिना उतरताना ताई तीनदा थांबल्या. मला वाटलं, दम लागला म्हणून. पण त्या रडत होत्या. एवढ्या वर्षांत तेवढंच एकदा त्यांचं रडणं मी ऐकलं.

मग ताईंनी आपल्या कॉलनीतल्या बुद्धविहाराचा हॉल रविवारी सकाळी मागितला, आणि कमिटीनं तिथल्या तिथं होकार दिला. आमचे काही जुने वाचक मात्र म्हणाले, तिकडं फार लांब पडतं. ते आधी ज्या खोलीत यायचे तीही त्यांच्या घरापासून तेवढीच लांब होती. लांब नक्की काय पडत होतं ते ताईंना कळलं, मलाही कळलं. त्या दिवशी मी बोलणार होतो, ताईंनी माझा हात दाबला. आज बोलतो आहे: अंतर रस्त्याचं नव्हतं, जातीचं होतं. त्या वाचकांच्या जागी कॉलनीतलीच माणसं आली. एक निवृत्त रेल्वे गार्ड, एक नर्स, रेखाच्या दोन मैत्रिणी. रविवारी विहारात आणि एरवी फोनवर, असं मंडळ पुन्हा उभं राहिलं. फोनमुळे पेठ-सुरगाण्याची मुलंही आली, पूर्वी ज्यांना नाशिकचं भाडं परवडत नव्हतं ती. हल्ली भाषणांतून ऐकतो की संस्था महामारीतून सावरल्या. आमची सावरली, पण कोणाच्या छातीवर भार टाकून, ते मी रोज सकाळी फोनवर ऐकत होतो.

ताई गेल्यावर श्रद्धांजली सभा ठेवली कोणी, तर त्याच ट्रस्टनं. खालच्या हॉलमध्ये. आम्ही पुढच्या रांगेत बसलो, जयश्री पहाटेच्या गाडीनं आली होती. अचानक सगळे गप्प झाले. पेटीचे सूर लागले आणि बराच वेळ दुसरं काहीच घडेना. जयश्रीनं माझ्या कानाशी विचारलं, "दादा, हे लोक बोलत का नायत?" रेखा पलीकडून हळूच म्हणाली, "पडद्यावर आईचे फोटो दाखवतायत." आंधळ्यांसाठी आयुष्यभर वाचलेल्या बाईची सभा, समोर बसलेली सगळी आंधळी मुलं, आणि एकालाही सुचलं नाही की निदान तोंडानं सांगावं, या फोटोत काय आहे. शेवटी विश्वस्त उठले. कोरोना योद्धा, मातृहृदयी, समर्पित... "ताईंचं कार्य आपण सगळे मिळून पुढं नेऊ या," ते म्हणाले. मी जागेवरूनच उभा राहिलो. माइक कुठं आहे ते मला माहीत नव्हतं आणि मला त्याची गरजही नव्हती. "खोली द्या," मी म्हणालो. "ताई मागायला आल्या होत्या, तुम्ही चहा दिलात. आज भाषण देताय. खोली द्या." कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवायला लागलं. मग सूत्रसंचालकानं घाईघाईनं दोन मिनिटं मौन जाहीर केलं.

पुढच्या रविवारी आम्ही विहारात जमलो, तिथून रिक्षा केल्या आणि त्या इमारतीत गेलो. वरच्या खोलीच्या दारापर्यंत जाणाऱ्या जिन्यावर एकेका पायरीवर एकेक जण बसलो. रेखानं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. तिला सवय नाही, अडखळते, पण आवाज खणखणीत आहे. पहिलं पान संपायच्या आत वरचं दार उघडलं आणि एक तरुण आवाज आला.

"अहो, इथं आत अभ्यास चाललाय."

"आमचाही चाललाय," रेखा म्हणाली.

"तसं नाही, ताई... इथं पाटी आहे ना. शांतता राखा म्हणून. एवढी मोठी पाटी आहे."

"आम्हाला नाय दिसत, दादा," जयश्री म्हणाली.

मग दार लागल्याचा आवाज आला. रेखानं पान उलटलं आणि पुढं वाचायला सुरुवात केली. परवा रविवार आहे. आम्ही पुन्हा जाणार आहोत.