नाकात काय राहिलं?

आप्पांनी विचारलं, "नाकात काय राहिलं?" आणि मी रुमाल काढून नाक शिंकरलं.

सिल्वासाच्या अग्निशमन केंद्रातला तो माझा पहिलाच आठवडा. धाग्याच्या एका कारखान्याची आग विझवून आम्ही परतलो होतो. सगळे हसले. आप्पा, आमच्या तुकडीचे प्रमुख, मात्र हसले नाहीत. "हे बाहेरचं झालं," ते म्हणाले. "आतलं सांग, भो." आप्पा मूळचे धुळ्याकडचे.

गाडी परत आली की पाइप धुऊन वाळत घालायचे आणि ते घालता घालता आप्पा प्रत्येकाला हे विचारायचे. माणूस बघितलेलं विसरतो, वास विसरत नाही. तो घरी न्यायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. कुणी जळका धागा सांगे, कुणी डिझेल. आप्पा उपदेश करत नसत. "बरं" म्हणत आणि पाइपचं दुसरं टोक उचलत. "काही नाही" म्हणणाऱ्याला मात्र टोकरखाड्याला स्वतःच्या घरी जेवायला नेत. मी तिथे इतका जेवलो की काकू माझी भाकरी न विचारताच थापत.

महिन्यातून एकदा समुपदेशक बोलवा, म्हणून आप्पांनी साहेबांकडे धोशा लावला. साहेबांनी विचारलं, कुणाला काही झालंय का?

"पंप आपण रोज सकाळी चालवून बघतो, साहेब. आग लागायची वाट बघत नाही."

बाई येऊ लागल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना विमा एजंट समजून फाटकावरूनच परतवून लावत होतो.

दुधनीच्या जलाशयातून एक लहान मुलगी मी बाहेर काढली होती. उशीर झाला होता. तिच्या केसांना खोबरेलाचा वास होता. तेव्हापासून घरी बायको लेकीला तेल लावायला बसली की मी चक्कर मारायला निघतो. त्या दिवशीही आप्पांना म्हणालो, काही नाही. बाईंनाही तेच.

यंदा आप्पा निवृत्त होऊन गावी गेले. प्रश्न विचारायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. परवा खेरडीची आग विझवून परतल्यावर सगळ्यांना विचारून झालं, तर पाइपच्या दुसऱ्या टोकाशी उभ्या ड्रायव्हर जयेशने मलाच विचारलं. हात सवयीने खिशातल्या रुमालाकडे गेला. मग तसाच राहिला.

"खोबरेल," मी म्हणालो. "दुधनीचं."

"बरं," जयेश म्हणाला. पाइप दांडीवर टाकून झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं.

"एवढं सांगायला काकूंच्या इतक्या भाकऱ्या कशाला खाल्ल्या?"