डोळे मिटून केलेली लढाई

तमाम वाचकांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, नागपुरात, सदर भागातल्या एका दोन खोल्यांच्या ख्रिस्ती घरात, ऐन जून महिन्यात एक महायुद्ध झाले. ते नऊ दिवस चालले. दोन्ही बाजूंच्या सेनापती बायका होत्या. एकही भांडे आपटले गेले नाही, एकही शिवी दिली गेली नाही. सगळे वार डोळे मिटून, हात जोडून आणि देवाला समोर बसवून करण्यात आले. त्यातली एक सेनापती मी. दुसऱ्या माझ्या सासूबाई.

मी अहमदनगरकडची. लग्न होऊन आले तेव्हा मॅट्रिक पास, वर शिक्षिकेची पदविका, आणि पोळी मात्र नकाशासारखी. सासूबाईंचं शिक्षण चौथीपर्यंत, पण घर त्यांच्या मुठीत. मी दारातून आत आले त्या दिवसापासून आमचं जमलं नाही. त्यांना माझं बोलणं शिष्ट वाटायचं, मला त्यांचं बोलणं अंगावर आल्यासारखं वाटायचं. मी 'का' म्हटलं की त्या म्हणायच्या, "काहून म्हण, काहून. इथं नागपूर आहे."

तर एका शनिवारी मला शाळेचं पत्र आलं. सीताबर्डीपलीकडची प्राथमिक शाळा, तिसरीचा वर्ग. परवाचा सोडून पुढच्या सोमवारी हजर व्हायचं, नाही तर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार. पत्र वाचून मी स्वयंपाकघरात चक्क गिरकी घेतली. सासूबाईंनी ती पाहिली आणि सुनेनं नोकरी करायची नाही, असं तिथल्या तिथे जाहीर केलं. आमच्या ह्यांनी दोघींकडे पाहिलं आणि सायकलचं चाक तपासायला ते बाहेर गेले.

सासरे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. घरही ते गाडीसारखं चालवायचे. त्यांनी निकाल दिला की हा प्रश्न प्रभूपुढे ठेवायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत प्रार्थनेबाहेर कुणी त्यावर एक अक्षर बोलायचं नाही. बिचाऱ्यांना वाटलं, शांतता होईल.

आमच्याकडे रोज संध्याकाळी साडेसातला सतरंजीवर कौटुंबिक प्रार्थना व्हायची. नियम कडक. लहानापासून सुरुवात करायची, म्हणजे आधी मी, मग हे, मग सासूबाई, शेवटी सासरे. कुणाची प्रार्थना मध्ये तोडायची नाही. एकदा मांजर दुधाच्या पातेल्यात तोंड घालून बसलं होतं, तरी आम्ही चौघं आमेनपर्यंत थांबलो होतो. आणि सर्वांत कडक नियम असा की काहीही मागण्याआधी एक ताजा उपकार सांगायचा. कालचा आज चालायचा नाही. सासरे लक्ष ठेवून असायचे.

पहिल्या संध्याकाळी मी पाण्याच्या नळाबद्दल उपकार मानले आणि मग म्हणाले, "हे प्रभू, ज्यांना शाळा मिळाली नाही, त्यांच्या मनातली शिकलेल्यांविषयीची कटुता काढून टाक." मला वाटलं, मी फार गोड आवाजात म्हणाले. ह्यांनी घाईघाईनं जगात शांती मागितली. ते रोज तीच मागायचे. मग सासूबाई. घरात भांडताना त्या फर्डी वऱ्हाडी बोलायच्या, पण देवाशी मात्र चर्चमधल्या पुस्तकी मराठीत. "हे कृपाळू पित्या," त्या म्हणाल्या, "ज्यांना शाळा मिळाली त्यांच्या वरणाला मीठही मिळू दे."

त्या दुपारच्या वरणात मीठ नव्हतं, हे खरं आहे.

पुढे रोज असंच. मी तिखट जिभांसाठी प्रार्थना करायची, त्या उंबऱ्याबाहेर पळणाऱ्या पायांसाठी. मी चर्चच्या मंडळीतल्या एका नोकरदार सुनेचं उदाहरण देवाच्या कानावर घालायची, त्या त्याच सुनेच्या पोराच्या वाहत्या नाकाची आठवण देवाला करून द्यायच्या. एकदा मला राहवलं नाही. त्या बोलत असताना मी एक डोळा किलकिला केला, तर त्या दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून माझ्याकडे पाहत होत्या आणि तोंडानं देवाला हाक मारत होत्या. प्रार्थनेत डोळे उघडणं म्हणजे आमच्या घरी मोठा अपराध. पण तक्रार कोण करणार? आम्ही एकमेकींकडे पाहत पाहतच आमेन म्हटलं.

आज मला गंमत वाटते, तेव्हा वाटत नव्हती. नोकरी गेली तर पुढची सगळी वर्षं त्या चुलीसमोर, त्या बाईसमोर काढायची, या विचारानं मी रात्री उठून ते पत्र पुन्हा वाचायची. आणि देव आमच्या घरात आहे यावर तर माझा विश्वासच उडत चालला होता. असता तर सतरंजीवरून कधीच उठून गेला असता, असं मला वाटायचं.

नवव्या दिवशी रविवार. दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं आणि उत्तर आलेलं नव्हतं. घरात कूलरची हवा गरम, माणसंही गरम. आणि माझी खरी अडचण वेगळीच होती. माझे उपकार संपले होते. नळ झाला होता, आंबे झाले होते, वाळ्याचा पडदा झाला होता, ह्यांची सायकलसुद्धा झाली होती. सासरे वाट पाहत खाकरले. तेव्हा निव्वळ खोडसाळपणानं मी ठरवलं की आज सासूबाईंबद्दलच उपकार मानायचे. 'त्यांच्या हातून तू मला सहनशीलता शिकवतोस' असं म्हणून शेवटचा बाण सोडायचा.

"हे प्रभू, माझ्या सासूबाईंबद्दल मी तुझे उपकार मानते," मी सुरुवात केली. ह्यांनी चमकून मांडी बदलली. "कारण," मी म्हणाले, आणि बाण काही केल्या येईना. देवाला थाप मारायची नसते, ही सवय आडवी आली. तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

मी म्हणाले की मार्चमध्ये मला टायफॉइड झाला तेव्हा त्या दिवसभर मला बोलत होत्या, माझ्या बापाला त्यांनी काय तोंड दाखवायचं म्हणून माझ्यावरच डाफरत होत्या. पण माझे केस मूठमूठ गळत होते, आणि रोज पहाटे मी उठायच्या आधी त्या माझ्या उशीवरचे केस वेचून पदरात लपवून न्यायच्या, मला दिसू नयेत म्हणून. त्यांना वाटायचं मी झोपलेय. मी झोपलेली नसायची, प्रभू. मी त्यांना एकदाही सांगितलं नाही.

इथे मला रडू फुटलं. पुढे नोकरी मागायची होती, ती राहूनच गेली. आणि मला कळलं की देव कुठेही उठून गेलेला नव्हता. आमचे सगळे टोमणे ऐकत नऊ दिवस तिथेच बसला होता, आणि त्याआधी पहाटेही त्या उशीपाशी होता. देवाचा चांगुलपणा मला असा मिळाला, शत्रूच्या पदरातून. मला आमेनही म्हणता येईना.

मग घरात कधी घडलं नव्हतं ते घडलं. माझ्यानंतर ह्यांची पाळी होती, माझा आमेन अजून व्हायचा होता, आणि सासूबाईंनी पदरानं नाक पुसून, रागावलेल्या आवाजात, भर प्रार्थनेत तोंड उघडलं.

"उद्या जाशीन त डोक्यावर पदर घेऊन जाजो वं, केस पुरे नाही आले अजून तुहे, उन्हानं टाळू जळन."