आजी देवाला पत्ता सांगायची

माझी आजी प्रार्थनेत देवाला पत्ता सांगायची. अगदी पूर्ण. "देवबापा, मुलुंड पूर्व, बी विंग, तिसरा मजला, लिफ्टमधून बाहेर पडलास की उजव्या हाताला. दारावर क्रूस आहे. बाहेर चपलांचा पसारा असतो, जरा बघून ये." मग विनंती, मग आमेन. लहानपणी मला वाटायचं सगळे ख्रिस्ती अशीच प्रार्थना करतात. एकदा चर्चमध्ये पाळकसाहेब नुसतंच "आजाऱ्यांना बरं कर" म्हणाले, तर मी आईला ढोसून मोठ्यांदा विचारलं, "कुठल्या आजाऱ्यांना? पत्ताच नाही सांगितला!"

आजी मूळची नगरकडची, मिशनच्या इस्पितळात नर्स. "वॉर्ड आणि खाट बघितल्याशिवाय सुई टोचायची नाही, नाहीतर एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला," असं ती सांगायची. "आणि देवाकडे तर फार कडक औषध असतं गं." मोठी झाल्यावर मी तिला छेडायचे, "अगं, त्याला सगळं माहीत असतं ना?" ती म्हणायची, "असतं की. तुला भूक लागली हे तुझ्या आईलाही माहीत असतं. तरी तू बोंबलतेसच ना?" मी स्वतः काही देवाशी फारशी बोलत नसे. घरात ते खातं आजीकडे होतं.

अख्ख्या बिल्डिंगचा या पत्त्यांवर विश्वास. सोसायटीचे सेक्रेटरी सावंतकाका पक्के मालवणी, घरात गणपती, गावी देवीचं देऊळ. तरी मुलीच्या परीक्षेआधी वर यायचे आणि म्हणायचे, "आजये, चेडवाची परीक्षा असा, जरा तुमच्या देवाक सांगा. आमच्याक मी सांगलंय." आजी कुणाला नाही म्हणायची नाही. फक्त चष्मा सारखा करून विचारायची, "फ्लॅट नंबर?"

यातूनच तो घोटाळा झाला. चारशे दोनमध्ये साळवी नवरा-बायको राहायचे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. साळवीवहिनी आजीपाशी येऊन रडली. आजी महिनाभर रोज पहाटे प्रार्थना करत होती, आणि कशी कोण जाणे, चारशे दोनऐवजी दोनशे चार म्हणत होती. दोनशे चारमध्ये सावंतकाका! केस पिकलेले, थोरली मुलगी कॉलेजात. सावंतकाकूंना दिवस गेले तेव्हा बिल्डिंगमध्ये जो काय हलकल्लोळ झाला! काका लिफ्टची वाट न बघता जिने चढून वर आले. "आजये, ह्या वयात माका बापूस केल्यान तुमच्या देवान!"

आजीच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली. "अगं बाई! मी आकडे उलटे सांगत होते." मग पदर डोक्यावर घेऊन ती दोनशे चारमध्ये गेली आणि काकूंची माफी मागितली. "चूक माझी आहे, देवाची नाही. त्याने बरोबर सांगितल्या पत्त्यावर दिलं." काकू हसता हसता रडल्या की रडता रडता हसल्या, मला आजवर कळलेलं नाही. मुलगी झाली. तिचं नाव कृपा ठेवलं. पुढच्या वर्षी साळवींना जुळं झालं, तेव्हा आजी एवढंच म्हणाली, "उशीर झाला होता ना, देवबापाने भरून काढला."

मग आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. सगळे पांगले. आम्ही भाड्याने कांदिवलीला, सावंत बदलापूरला, साळवी ठाण्याला. बाकीच्यांचा जीव फर्निचरमध्ये अडकलेला, आजीचा पत्त्यात. आजोबा गेले त्या दिवसापासून तिने देवाला सांगून ठेवलं होतं, मला न्यायला मुलुंडच्या घरीच ये. "आता तो तिथे जाईल, दार ठोठावेल, आणि मी कांदिवलीत! किती वाईट दिसेल गं." मी खदखदून हसले. पण ती हसत नव्हती. मग मी तिला शब्द दिला, "आजी, तुला परत मुलुंडच्या घरात नेणार म्हणजे नेणारच."

तोपर्यंत मात्र तिने काम थांबवलं नाही. जुने शेजारी मोबाइलवर लोकेशन पाठवायला लागले. आजी मला म्हणायची, "उघड ते." मी नकाशा उघडला की फोन माझ्या हातातून घेऊन छताकडे धरायची. "देवबापा, हे बघ. निळा ठिपका दिसतोय ना, तिथे सावंत. काकूंचा गुडघा दुखतोय, उजवा." नेट गेलं की थांबायची. "जरा थांब हं, येतंय." देवाला होल्डवर ठेवणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

बिल्डरने बिल्डिंग पाडली, खड्डा खणला आणि काम थांबवलं. मीटिंगा झाल्या, भांडणं झाली, खड्ड्यात पाणी साचून बेडूक आले. आजी थकत चालली. एके दुपारी म्हणाली, "मला घर बघायचंय." मी म्हटलं, "घर कुठाय? खड्डा आहे." "तोच बघू." टॅक्सी करून नेलं. वॉचमनने त्याची प्लास्टिकची खुर्ची दिली. आजी खड्ड्याच्या काठावर बसली आणि वर हवेत बघत राहिली. "तो बघ आपला हॉल. ते स्वयंपाकघर. अगं, आत्ता त्यातून कावळा गेला!" वॉचमनही वर बघायला लागला. "माताजी, क्या दिख रहा है?" "घर," आजी म्हणाली. मग डोळे मिटले. "देवबापा, मुलुंड पूर्व, बी विंग, तिसरा मजला. मजला सध्या नाही, पण तू ये." मला इतकं हसू आलं की मी तोंड फिरवलं, आणि तोंड फिरवल्यावर रडूच फुटलं. बिल्डरचा गळा धरावासा वाटला.

त्यानंतर ती फारशी उठली नाही. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. शेवटच्या दिवशी सकाळी तिचा श्वास लागत होता आणि ओठ नुसते हलत होते, आवाज फुटत नव्हता. मला कळलं, ती पत्ता सांगायचा प्रयत्न करतेय. मुलुंडचा तर राहिला नव्हता. माझ्या शब्दाची वाट लागली होती. आई पलीकडे बसून डोळे पुसत होती. मग मीच आजीचा हात धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना केली. "देवबापा, मुलुंडला जाऊ नकोस. तिथे खड्डा आहे. इकडे ये. कांदिवली पश्चिम, दुसरा मजला, लिफ्ट बंद आहे, जिन्याने ये. आतली खोली, खिडकीजवळची खाट."

आजीने डोळे उघडले. आवाज कुठून आणला देव जाणे. "पूर्व गं," ती म्हणाली. "पश्चिमेला कुठे पाठवतेस त्याला?"

मी पुन्हा सांगितलं, पूर्व म्हणून, नीट, सावकाश. तिने मान हलवली. "हं. आता येईल बरोबर." दुपारी चहाच्या सुमारास ती गेली.

दफनाला सगळे आले. बदलापूर, ठाणे, जिथे जिथे निळे ठिपके होते तिथून. सावंतकाका मातीची मूठ टाकून माझ्याजवळ आले. "आजयेक आमच्या आधी घराचा पझेशन गावला गो," म्हणाले, आणि भर कबरस्तानात आम्ही दोघंही हसलो. मग त्यांचा चेहरा पडला. रुमाल काढून उगाच चष्मा पुसत राहिले.

"कृपाक कालपासून ताप असा," ते म्हणाले. "उतरत नाय. आता कोणाक सांगूचा?"

मी पदर डोक्यावर घेतला.

"पत्ता सांगा, काका," मी म्हटलं. "पूर्व की पश्चिम, ते आधी सांगा."