काजाच्या दोऱ्याने बांधलेला दात

माझी ताई भित्री आहे, पण हे तिच्या तोंडावर बोलायची सोय नाही. बावीस वर्षं आम्ही दोघी एकाच दुकानात शिवतो. ती कापते, मी मशीनवर बसते. गिऱ्हाइकाशी भांडायला ती सगळ्यांत पुढे, पण दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की मागे. कारण आमची आई. तिचे दात पन्नाशीत एकेक करून गेले आणि शेवटी ती चारचौघांत जेवायलाच बसेना. ताईने त्याचा धसका घेतला तो घेतलाच.

ताईचे वरचे दात पुढे आलेले, खालचे एकमेकांवर चढलेले, टाळूला टोचणारे. तिच्या बारा वर्षांच्या लेकीला, आमच्या चिमणीला, तीच ठेवण आली. फोटो काढताना पोरगी ओठ घट्ट मिटून घेते हे पाहून ताई तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी दोघींचीही तोंडं तपासली.

"हिचा जबडा अजून वाढतोय, तार लावली तर दीड वर्षात दात सरळ होतील. तुम्हालाही तार लावता येईल, वेळ जास्त लागेल इतकंच. असंच सोडलंत तर दात झिजतील. फटी नीट साफ होत नाहीत, त्यामुळे हिरड्याही जातील."

हिरड्या म्हटल्यावर ताईला आईच दिसली. त्यात चिमणी म्हणाली, "आधी तू लाव. तुला काही झालं नाही तर मी लावते." झालं! शेहेचाळिसाव्या वर्षी ताईच्या दातांना तार लागली.

तिसऱ्या महिन्यात ताई एकदम गप्प झाली. जेवण म्हणजे नुसतं मऊ मऊ. चिमणीची तार लावायची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली. मी म्हटलं, "पोरीचं का अडवतेस?" तर कात्री आपटून म्हणाली, "माझी पोर आहे, माझं मी बघेन." मग मीही दोन दिवस बोलले नाही. माझाही स्वभाव काही साखरेचा नाही.

शनिवारी दुपारी ट्रायलच्या खोलीचा पडदा सरकवला, तर ताई आरशापुढे आ करून उभी. ओठ सुजलेला, हनुवटीवर रक्त.

"काय केलंस हे?"

तिला रडूच कोसळलं. वरचा पुढचा दात हलायला लागला होता. पडेल म्हणून तिने तो शेजारच्या दाताला बांधून टाकला होता, काजाच्या दोऱ्याने! जाड, मेण लावलेला दोरा, वर तिहेरी गाठ. आठ दिवसांत तो सरकत सरकत हिरडीत घुसला होता आणि आता ती सुईने उकरत होती.

"अगं ए शहाणे, दात म्हणजे काय बटण आहे?" मी ओरडले. शटर ओढलं आणि तिला गाडीत कोंबलं. वाटभर ती दात बोटांनी धरून बसली होती. सोडला तर हातात येईल म्हणून.

डॉक्टरीणबाई एरवी हसऱ्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. दोरा कापला, जखम धुतली, एक्स-रे काढला.

"सरकताना दात थोडा हलतोच. नव्या जागी हाड भरलं की घट्ट होतो. एक फोन करायचा होतात हो! आता या दोऱ्याने आत किती इजा झालीय ते महिन्याभराने कळेल."

"पडेल का?"

"आत्ता नाही सांगता येणार."

तो महिना कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. रोज दुकान उघडलं की ताई आधी मला तोंड दाखवायची. मी बघायचे आणि "आहे" एवढंच म्हणायचे. चिमणी स्वतःच्या गालावर हात ठेवून बघत उभी असायची.

दात राहिला. बाईंनी दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "वाचलात." पण चिमणीने सगळं पाहिलं होतं. तिची तारीख आली तेव्हा ती खुर्चीत बसेना. मला वाटलं, ताई आता म्हणणार, काही होत नाही गं. पण तिने खाली वाकून पोरीला हिरडीवरचा वण दाखवला.

"हे तारेने नाही झालं. मी घाबरले आणि कुणाला सांगितलं नाही, त्याने झालं. तुझेही दात दुखतील, हलतील. भीती वाटली की लगेच मला सांगायचं."

"मग आत्ताच सांगते," चिमणी म्हणाली. "मला खूप भीती वाटतेय."

"मलाही," ताई म्हणाली.

तेव्हा कुठे पोरगी खुर्चीत चढली.